आदिलच्या नावावरच्या अडतीस विकेट

शनिवार, १ नोव्हेंबर

चौदावा.

बोर्लीखार इलेव्हनचा कॅप्टन, विकेटकीपर, अकरा मॅचमध्ये स्टंपमागे एकोणीस बळी, फायनलचा शेवटचा कॅच ज्याच्या हातात आला तो यूसुफ चौदावा!

इथल्या जहरा भागातल्या क्लिनिकच्या डॉक्टरने सांगितलंय, बीपी एकशेसाठच्या वर आहे, राग आला की बोलू नका, लिहून काढा. माझ्या बायकोने, ताहिराने, लगेच माझ्या दुकानातली कोरी डायरी आणून हातात दिली. म्हणाली, "आता हिच्यावर ओरडा. मला जरा आराम." तर घे बाई, ऐक.

आमच्या खाडीपट्टा टेनिस क्रिकेट लीगला पंचवीस वर्षं झाली. खाडीकाठच्या आठ गावांच्या पोरांनी इथं कुवेतमध्ये सन दोन हजारच्या थंडीत ती सुरू केली. १२ डिसेंबरला हॉल घेतलाय, जेवण आहे, स्मरणिका आहे. स्मरणिकेत 'पहिल्या सीझनचे दहा सर्वोत्तम खेळाडू' छापायचे अशी टूम निघाली आणि ते काम दिलं कुणाला? नबीलला. वय चोवीस. तो सीझन संपला तेव्हा हा जन्मलाही नव्हता. त्याने जुन्या स्कोअरच्या वह्यांचे फोटो काढले, कॉम्प्युटरमध्ये भरले, कसलासा फॉर्म्युला लावला आणि आज सकाळी ग्रुपवर यादी टाकली. मी यादीत नाही. फोन केला तर म्हणतो, "चाचा, यू वेअर फोर्टीन्थ. नॉट बॅड!"

नॉट बॅड म्हणे.

सहा नंबरला जो बसवलाय त्याने एकाच मॅचमध्ये ऐंशी काढले, तेही समोरच्या टीमची गाडी वाळूत रुतली आणि सातच माणसं फिल्डिंगला होती तेव्हा. वहीत गाडी रुतल्याचं लिहिलेलं नाही. नऊ नंबरवाला तर सगळ्या मिळून तीन मॅच खेळला. त्याचा स्ट्राइक रेट चांगला आहे म्हणे. तीन मॅच माझी ताहिरापण खेळली असती तर तिचाही चांगला आला असता.

आणि वारा? मीना अब्दुल्लाच्या त्या मोकळ्या मैदानावर रिफायनरीच्या ज्वाळेकडून टाकणाऱ्याच्या पाठीला वारा असायचा आणि समोरून टाकणाऱ्याच्या तोंडात वाळू. आमचा बोलर पूर्ण सीझन वाळू खाऊन टाकत होता, कारण तो तक्रार करायचा नाही. हे कुठल्या फॉर्म्युल्यात बसतं?

एक नंबरला आदिल. अकरा मॅच, अडतीस विकेट. आदिल माझ्या गावचा, माझ्याच टीमचा, आणि नबीलचा बाप. पोराने बापाला वर चढवलं असं मी म्हणणार नाही. पोरगा सरळ आहे. वहीत तेच लिहिलंय.

सोमवार, ३ नोव्हेंबर

नबील दुकानात आला. माझं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. ब्याण्णव साली हेल्पर म्हणून आलो, आता सहा माणसं हाताखाली आहेत. मला कॉम्प्रेसर उघडावा लागत नाही. कान लावला की कळतं, बेअरिंग गेलंय की गॅस. हेच कान मी स्टंपमागे घेऊन उभा राहायचो.

त्याला मी काचेच्या कपाटापुढे नेलं. वरच्या फळीवर पहिल्या सीझनचा कप आहे आणि मागे टीमचा फोटो. दहा माणसं, मध्ये मी, कप माझ्या हातात. सकाळचं तिरपं ऊन, पुढे वाळूवर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडलीय.

"पप्पा यात का नाहीत?" नबीलने विचारलं.

"फोटो त्यानेच काढला."

तोंडातून निघून गेलं. मग मी मुद्द्यावर आलो. फायनलचा शेवटचा बळी: समोरच्या म्हसाडी गावच्या टीमचा बापू. वहीत लिहिलंय, 'बोल्ड आदिल'. साफ चूक! बापूच्या बॅटची कड लागली होती. टेनिस चेंडूची कड लागली तर आवाज किती येतो? नखाने कागद खरवडल्याएवढा. तो मी ऐकला, कॅच घेतला, गिल्ली नंतर माझ्या हाताने पडली.

नबीलने फोनवर काही बोटं मारली. "चाचा, एक कॅच वाढला तर फायनलचा बोनस धरून तुम्ही टेन्थ. पण प्रूफ लागेल."

"माझे कान."

"चाचा..." असं म्हणून हसला. हसला!

प्रूफ पाहिजे? प्रूफ देतो. तेव्हा गावी फोन करणं परवडायचं नाही, आम्ही कॅसेट भरून पाठवायचो. फायनलची कॉमेंट्री मी पूर्ण टेप करून ताहिराला पाठवली होती. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. इथं राहायला येताना ती कॅसेट तिने आणलीच असणार, फेकणार तर नाहीच. ती प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा फेकत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बीपी १५८. यादी परत वाचली. १६४.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अस्रच्या नमाजनंतर तुकाराम आला. दर शुक्रवारी मीना अब्दुल्लाहून येतो. तिथल्या एका कंत्राटदाराकडे वेल्डर आहे. आमच्या बोर्लीखारच्या समोर, खाडीपलीकडे त्याची वाडी. चहा पितो, गावचं दोन शब्द बोलतो, जातो. पंचवीस वर्षं हेच.

आज म्हणाला, "यूसुफभाय, कंपनीनं फायनल दिली, हिशोब मिटवला. अकरा डिसेंबरचं तिकीट हाय. आता बस झाला."

मला वाईट वाटलं. पण डोक्यात यादी होती, तर मी त्याला यादीच वाचून दाखवली. सगळी, दहा ते एक, प्रत्येकाचं काय चुकलंय ते सांगत. तो मान हलवत होता. एक नंबर वाचला तेव्हा हसला. "आदिलभाय पयले? शोभतात."

मग म्हणाला, "अडतीसच लिवल्यात का?"

"अडतीस."

"बरोबर हाय."

त्यानंतर मी त्याला माझा कॅच सांगायला लागलो. त्याने घड्याळ बघितलं, बस चुकेल म्हणाला आणि गेला. कप अर्धा भरलेला तसाच. आजवर या माणसाने चहा टाकलेला मी पाहिला नाही. तिकिटाचं मनावर घेतलं असेल.

आता इथं कुणी वाचत नाही, तर लिहून टाकतो. आदिलने त्या सीझनला एकही चेंडू टाकलेला नाही.

नियम असा होता की ज्या गावाची टीम, त्याच गावचा माणूस खेळणार. आठ गावांचं लीग, बाहेरचा चालणार नाही. प्रत्येकाला एक कार्ड, कार्डावर नाव आणि शिक्का. फोटो नव्हता. आदिलचं कार्ड निघालं आणि लगेच तो जहरात एका घरी ड्रायव्हर लागला. कफीलचं, म्हणजे तिथल्या मालकाचं, कुटुंब दर शुक्रवारी समुद्रावर जायचं, याला सुट्टी नाही. आमची दहाच माणसं उरली. त्याच आठवड्यात मी तुकारामला कामगारांच्या कॅम्पमागे पोरांना चेंडू टाकताना पाहिलं. पाहिलं म्हणजे आधी ऐकलं. टेनिस चेंडू, पण त्याच्या हातातून सुटताना सूं करायचा. त्याच्या वाडीचे कुवेतमध्ये तीनच जण, टीम कुठून होणार? मी आदिलचं कार्ड त्याच्या खिशात घातलं. म्हटलं, मैदानावर तू आदिल.

यात लबाडी काय? माणूस खेळला, विकेट पडल्या. फक्त नाव दुसरं. मी त्याला शब्द दिला होता, पुढच्या वर्षी नियम बदलून घेतो, तुझ्या नावाने खेळ. पुढच्या वर्षी नियम बदललाही. कार्डावर फोटो आला. ते मीच सुचवलं होतं. म्हसाडीवाले बाहेरची माणसं खेळवत होते, त्याला आळा घालायला पाहिजे होता.

तुकाराम त्यानंतर खेळला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कॅसेट सापडली! ताहिराच्या कपाटात, शिवणाच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेली. मी म्हटलं, "बघ, नवऱ्याचा आवाज जपून ठेवलास."

"नवऱ्याचा?" ती म्हणाली. "तुमचा आवाज ऐकायला मी टेप लावायची, आणि तुम्ही आपले तुक्या, तुक्या, तुक्या! माझं नाव एकदा तरी घेतलंत का?"

मी कॉमेंट्रीच्या टेपमध्ये तिचं नाव कशाला घेऊ? बायकांचं काही कळत नाही.

"आणि ती टेप पूर्ण गावाने ऐकली," ती म्हणाली. "मग तरीच्या होडीतून खाडीपलीकडे गेली. चंपावहिनीने दोन महिने ठेवून घेतली होती." चंपा म्हणजे तुकारामची बायको.

तुकाराम आज आला नाही. पॅकिंग असेल.

टेप वाजवायला कुवेतभर मशीन शोधलं. शेवटी आठवलं, माझ्याच दुकानामागे जुना पिकअप आहे. त्याचा एसी चालत नाही (माझ्या दुकानाची अब्रू!), पण टेप वाजतो. कमिटीला पुढच्या शुक्रवारचं आमंत्रण दिलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

चौघे आले. कमिटीचा अध्यक्ष बापू, तोच म्हसाडीचा, यादीत दोन नंबर. दोन मेंबर. आणि नबील. पिकअपची दारं उघडी टाकली. बापू पुढे बसला, मी स्टिअरिंगला, बाकीचे बाहेर उभे. समोशे ठेवले होते. खरखर, वारा, मग कॉमेंट्री. बापूच्या डोळ्यांत पाणी आलं. टेपवर जी माणसं हसत होती त्यातली तीन आता नाहीत.

शेवटची ओव्हर आली. म्हसाडीला पाच रन हवेत, एकच विकेट हातात, स्ट्राइकवर बापू. मी आवाज वाढवला. म्हटलं, "आता कान उघडे ठेवा."

कॉमेंटेटर म्हणतो, "समोरून वारा, तरीही तोच जोश, उजव्या हाताचा जलद गोलंदाज आदिल..."

मग पावलं. मग ते सूं. मग तो आवाज, नखाने कागद खरवडल्यासारखा. मी ओरडलो, "ऐकलं? कड!"

पण त्याच वेळी टेपमध्येही मी ओरडत होतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा मी, फाटलेल्या आवाजात: "गेला रे तुक्या! तुक्या, जिंकलो! अरे तुकाराम, मेल्या, जिंकलो!" मग सगळी टीम: "तुक्या! तुक्या!" आणि कॉमेंटेटर एकटाच "आदिल, आदिल" करतोय.

बापू खिडकीतून बाहेर बघायला लागला. एका मेंबरने तिसरा समोसा उचलला.

"चाचा," नबील म्हणाला, "तुक्या कोण?"

मी म्हटलं, "आदिलचं टोपणनाव. टीममध्ये आम्ही त्याला तुक्या म्हणायचो."

नबीलने फोन खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "पप्पा लेफ्टी आहेत, चाचा."

त्याने हात पुढे केला. मी टेप बाहेर काढून त्याच्या हातात दिली. दुसरं काय करणार? जाताना त्याने मोठ्या अदबीने सलाम केला. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

आणि एवढ्या सगळ्यात कडेबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. एक शब्द!

शनिवार, २२ नोव्हेंबर

आदिलचा फोन. आता त्याचं शहरात, शर्क भागात ऑफिस आहे, बावीस ट्रक आहेत, कार्यक्रमाचा मोठा स्पॉन्सर तोच. एवढ्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"एका कॅचसाठी? यूसुफ, तू एका कॅचसाठी टेप लावलास?"

"तू पोराला सांगायचं होतंस की तू खेळला नाहीस."

"तो सहा वर्षांचा होता. तुझ्या दुकानातला कप दाखवून तूच त्याला म्हणालास, हा तुझ्या बापाने जिंकून दिला. मी काय करू? पोर इतकं खूश झालं. मग दर वर्षी ते खोटं थोडं थोडं वाढत गेलं. काल त्याने मला विचारलं, पप्पा, डावा हात की उजवा? बस, एवढंच."

"मग सांगितलंस?"

"सांगितलं. आता तू सांग तुझं. कार्ड कुणी फिरवलं ते. कॅप्टन तू होतास, मी त्या वेळी जहरात कफीलची गाडी धूत होतो."

आणि फोन आपटला. ज्याला मी कुवेतला पहिलं जेवण घातलं तो माणूस मला फोन आपटतो! ताहिरा म्हणाली, "बरोबर बोलला." माझ्याच घरात.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज कमिटीची मीटिंग. मी गेलो आणि उभा राहून सगळं सांगितलं. कार्ड मी दिलं. अडतीस विकेट तुकारामच्या. फोटोचा नियम मीच आणला, तुकाराम बाहेर राहिला तोही माझ्यामुळेच. म्हटलं, काय शिक्षा करायची ती करा, कप परत घ्या, पण एक नंबरला त्याचं नाव छापा. माणूस अकरा तारखेला कायमचा चाललाय.

वाटलं, आता भडका उडेल. बापू खुर्चीतून उठून माझ्यावर येईल. मी तयारीने गेलो होतो.

बापू हसला.

"अरे यूसुफ, आम्हाला तेव्हाच माहीत होतं. आदिल डावरा, हे आख्खी खाडी जाणते. तुझा बोलर उजव्या हाताने दांड्या उडवत होता, आम्ही काय आंधळे होतो?"

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्याकडे दोघं बाहेरचे होते. बोललो असतो तर तू बोलला असतास." मग इतरांकडे बघून, "कुणाकडे नव्हते? हात वर करा बघू."

एक हात वर झाला नाही. सगळे हसायला लागले, जसं काही लग्नातली गोष्ट निघालीय.

मला हे सहन झालं नाही. मी इतकी वर्षं छातीवर दगड घेऊन बसलो आणि इथं प्रत्येकाच्या खिशात तसाच खडा! आठ टीम, किती माणसं दुसऱ्याच्या नावाने खेळली? सुतार, गवंडी, वेल्डर. ज्यांच्या गावाची टीम नव्हती ते सगळे. त्यांच्या घामावर आमच्या गावांचे कप. आणि आम्ही फॉर्म्युला लावून त्यातले दहा सर्वोत्तम काढतोय!

मी म्हटलं, "मग यादीच खोटी."

बापू म्हणाला, "झाकली मूठ राहू दे. एक नाव बदललं तर आठ गावं भांडतील. आणि तुझा कॅच आम्ही मान्य केलाय. तू दहावा. खूश?"

दहावा! मला हाडूक टाकलं. जे मागत होतो तेच दिलं, आणि असं दिलं की तोंडात कडू झालं. मी खुर्ची मागे सारून बाहेर आलो.

तुकाराम आजही आला नाही. तिसरा शुक्रवार.

शुक्रवार, ५ डिसेंबर

तो येत नाही तर मीच मीना अब्दुल्लाला गेलो. कॅम्पमध्ये त्याच्या खोलीत चार खाटा. त्याच्या खाटेवर कार्टन, वरून दोरी. त्याने मला खाट झटकून दिली, स्वतः कार्टनवर बसला.

"तीन आठवडे आला नाहीस."

"काम होतं."

"खोटं बोलू नको. पंचवीस वर्षं काम नव्हतं?"

तो दोरीची गाठ बघत राहिला. मग म्हणाला, "यूसुफभाय, मला लिस्टचं काय नाय. लिस्ट तुमच्या गावांची. पण त्या दिवशी तुम्ही मलाच वाचून दाखवलीत. वरतून विचारलंत, अन्याय झाला की नाय? माझ्यावर म्हंजे तुमच्यावर."



"आणि तो फोटू," तो म्हणाला. "कप घेतला, सगळे उभे राहिले. मीपण उभा राहिलो होतो. तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात. म्हणालात, तुक्या, तू नको, ओळखतील, तूच काढ. मी काढला. चांगला आलाय ना?"

"चांगला आलाय."

"सावली पडली माझी. मला तेव्हा फोटू काढायला येत नव्हते. सूर्य मागं होता."

आठवत होतं का मला? होतं. दुकानात रोज शटर उघडलं की समोर तोच फोटो. त्या सावलीला आजपर्यंत मी सावलीच म्हणत आलो.

मी कमिटीत काय झालं ते सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "बापूशेट चांगला बॅट्समन. त्याची विकेट गोड होती." मग एकदम खुदकन हसून, "पण यूसुफभाय, तो बोल्डच होता."

"काय?"

"बोल्ड. चेंडू ऑफच्या दांडीला घासून गेला. तो आवाज दांडीचा. गिल्ली पडली, मग तुमच्या हातात आला. मी समोरून बघत होतो."

"मग इतकी वर्षं मला कॅच, कॅच करू दिलंस?"

"तुम्ही इतकं खूश होतात. मला काय, विकेट माझीच होती. म्हंजे आदिलभायची."

कड लागली होती. माझे कान मला माहीत आहेत. पण तिथं मी वाद घातला नाही. ताहिराला सांगितलं तर म्हणाली, "पहिल्यांदाच."

सोमवार, ८ डिसेंबर

नबील दुकानात आला. पंधरा दिवसांत पोरगा वाळलाय. हातात स्मरणिकेचं एक पान, उद्या छापायला जायचं.

"चाचा, पप्पा त्या सीझनला एकपण मॅच खेळले नाहीत?"

"नाही. पण दुसऱ्या सीझनला खेळला. फिल्डिंग उत्तम करायचा. डाव्या हाताने असा थ्रो मारायचा की ग्लोव्हजमधून झिणझिण्या यायच्या. हे खरं आहे. तपासून बघ."

"तपासलं," तो म्हणाला. "चार रनआउट. सेकंड सीझन." किंचित हसला. देवाची कृपा.

मग पान पुढे केलं. वर शीर्षक. खाली यादी. आणि ती दोनपासून सुरू होते. दोन: बापू. तीन, चार, असं दहापर्यंत. एकच्या जागी कोरी ओळ.

"कमिटी खरं नाव छापू देत नाही," नबील म्हणाला, "आणि खोटं मी छापणार नाही. आय टोल्ड देम, ब्लँक ठेवा, नाहीतर माझं सगळं काम काढून टाका. बापूचाचा खूप चिडले. मग पप्पांनी फोन केला. पप्पा म्हणाले, माझं नाव राहिलं तर मी स्पॉन्सरशिप काढतो."

आदिलने! मला सांगायला नको? फोन आपटता येतो, हे सांगता येत नाही?

मी पानावर दहावं नाव बघितलं. यूसुफ. छान टायपात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या लीगच्या यादीत.

म्हटलं, "हे काढ. माझा कॅच काढ. वहीत आहे तेच राहू दे, बोल्ड."

"शुअर, चाचा? तुम्ही परत फोर्टीन्थ."

"शुअर. पण कड लागली होती, हे लक्षात ठेव."

गुरुवार, ११ डिसेंबर

दुकान बंद ठेवलं. तुकारामला कंपनीच्या बसने जाऊ दिलं नाही, पिकअपमधून मीच विमानतळावर नेला. पिकअपचा एसी काल रात्रीपर्यंत बसून दुरुस्त केला. डिसेंबरात एसी लागत नाही, तरी केला.

कपाटातला कप टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता. डिपार्चरच्या दाराशी त्याच्या हातात ठेवला. म्हटलं, ने.

त्याने उलटसुलट बघितला. "याच्यावर बोर्लीखार लिवलंय, यूसुफभाय. आमच्या वाडीत ठेवला तर पोरं म्हणतील चोरून आणला." परत माझ्याकडे केला. "ती टेप मिळाली तर बघा. चंपा विचारत होती. तिच्यात माझं नाव हाय."

टेप नबीलकडे. मी फोन लावणार तोच मागून "चाचा!" पोरगा पार्किंगमधून पळत आला होता. एका हातात कॅसेट, दुसऱ्या हातात छापील स्मरणिका, अजून शाईचा वास येणारी. तो तुकारामपुढे उभा राहिला. आधी इंग्रजीत सुरू केलं, मग मराठीत आला. "काका, मी नबील. आदिलचा मुलगा. तुमच्या अडतीस विकेट मी मोजल्या. तीनदा मोजल्या."

तुकारामने कॅसेट घेऊन पिशवीत ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बाबा कसे हायत?"

नबीलने पान उघडून कोरी ओळ दाखवली. तुकारामने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग खिशातून पेन काढलं, तेच पेन ज्याने तो दरवेळी विमानतळावर फॉर्म भरतो. मला वाटलं, नाव लिहितोय. त्याने पेन नबीलला दिलं. "तू लिव. तुझं अक्षर चांगलं आसंल."

नबीलने लिहिलं. मराठी अक्षर त्याचं वाकडं आहे, पण लिहिलं.

मग मी म्हटलं, "फोटो काढू. तुकारामा, कप धर. दोन्ही हातांनी धर, असा वर."

"तुम्ही या ना मधे. हा काढील." नबीलने हात पुढे केलाच होता.

"नको," मी म्हटलं. "मी काढतो."

सिक्युरिटीवाला ओरडायला लागला की इथं गर्दी करू नका, यल्ला, यल्ला. मी त्याला म्हटलं, एक मिनिट भाई, एक मिनिट, पंचवीस वर्षं थांबलोय. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो थांबला.

शनिवार, १३ डिसेंबर

काल कार्यक्रम झाला. बापूने यादी दहापासून वाचली. दोनला स्वतःचं नाव घेऊन थांबला आणि टाळ्यांची वाट बघू लागला. मागून कुणीतरी विचारलं, "आणि एक?" हॉलभर कुजबुज सुरू झाली. मी मागच्या रांगेत होतो, माझे कान बापूपेक्षा चांगले. उजवीकडे कुणी म्हणालं, "बोर्लीखारचा तो वेल्डर." डावीकडे कुणी म्हणालं, "आमच्याकडे तो गवंडी होता, काय त्याचं नाव?" जेवणाची घोषणा करून बापूने विषय संपवला. त्याने बिर्याणी खाताना माझ्याशी बोलणं टाळलं. टाळू दे. आदिल माझ्या शेजारी येऊन बसला आणि न बोलता माझ्या ताटात मटण वाढलं. मी ते खाल्लं.

आज नवा फोटो फ्रेम करून जुन्याच्या शेजारी लावला. विमानतळावरचे दिवे वरून पडतात, काढणाऱ्याची सावली येत नाही. कप वर धरलेला तुकाराम आणि मागे ट्रॉल्या, एवढंच. मी कुठेच नाही.

दुपारी एक गिऱ्हाईक विचारत होतं, "ये कौन है, तुम्हारा भाई?"

म्हटलं, "पहिल्या सीझनचा एक नंबर."

बीपी १३८. ताहिरा म्हणते डायरी आता बंद करा. करतो. पण कड लागली होती.